‘एन्जॉय’ आणि ‘भोग’

अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतून ‘एन्जॉय करणें’ हा प्रयोग इतका रुळला आहे कीं, तो परका आहे हेंही कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. सहलीस निघालेल्या मुलांस वडील मंडळी पूर्वीं ‘मौज करा’ म्हणत. आतां ‘एन्जॉय करा’ म्हणतात. पण ‘मौज’ आणि ‘मजा’ तरी कोठें घरचे आहेत? ‘मजा’ फारशींतला, तेथें त्याचा अर्थ चव. ‘मौज’ मूळचा अरबी. तेथें त्याचा अर्थ लाट. तेव्हां नुसत्या परकेपणाबद्दल तक्रार करण्यांत हंशील नाहीं. विचार करावयाचा तो अर्थाचा.

‘एन्जॉय’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आला, आणि त्याच्या मुळाशीं आनंदणें या अर्थाचा लॅटिन धातु आहे. परंतु इंग्रजींत त्याचे अर्थ दोन. एखाद्या गोष्टींत सुख मानणें हा एक; आणि वस्तु किंवा हक्क ताब्यांत ठेवून त्याचा लाभ घेणें हा दुसरा. कायद्याच्या भाषेंत कोणी जमीन ‘एन्जॉय’ करतो, तेव्हां तो बांधावर हसत उभा असतो असें नव्हे.

हे दोन्ही अर्थ बाळगणारा शब्द आपल्याकडे आहेच. तो ‘भोग’. संस्कृत ‘भुज्’ धातूंत खाणें आणि उपभोगणें हीं दोन्ही येतात. देवापुढील नैवेद्य हा भोग. आणि सातबाराच्या उताऱ्यावर ज्याचें नांव, तो भोगवटादार.

सत्ता कोणाची आणि तिचा भोग कोणाचा, हा भेद आपल्या इतिहासांत सोलापूर जिल्ह्यांतील सांगोलें येथें फार स्पष्ट दिसला. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू छत्रपति वारले, आणि ताराबाईंचा नातू म्हणून पुढें आणलेले रामराजे साताऱ्याच्या गादीवर आले. १७५० सालीं यमाजी शिवदेवानें सांगोल्यास ठाण मांडून पेशव्यांस विरोध केला. सदाशिवरावभाऊ रामराजांस बरोबर घेऊन त्याच्यावर चालून गेले. सांगोलें हस्तगत झालें, आणि तेथेंच झालेल्या करारानें राज्यकारभाराचा अधिकार पेशव्यांच्या हातीं आला. छत्रपतींकडे गादी आणि मान राहिला. सत्तेचा भोगवटा पुण्यास गेला.

पण ‘भोग’ शब्दास तिसराही अर्थ आहे, आणि तो ‘एन्जॉय’मध्यें नाहीं. आपण सुख भोगतों, तसेंच दुःखही भोगतों. दैवाचे भोग कोणास चुकत नाहींत असें आपल्या घरोघरच्या वृद्ध स्त्रिया सांगतात. त्याच १७५० सालाच्या अखेरीस ताराबाईंनीं रामराजांस साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेंत टाकलें, आणि १७७७ मध्यें मृत्यु येईपर्यंत ते नांवाचेच छत्रपति राहिले. इकडे ज्यांच्या हातीं सत्ता आली, त्यांनाही ती निर्वेध लाभली नाहीं. १७६१ मध्यें पानिपतावर भाऊ पडले, आणि त्याच वर्षीं नानासाहेब पेशवेही निवर्तले. सांगोल्याचा करार इंग्रजींत सांगूं गेल्यास पेशव्यांनीं सत्ता ‘एन्जॉय’ केली असें म्हणतां येईल. त्यांनीं ती भोगली असें म्हटल्यास लाभ आणि त्याचें मोल दोन्ही सांगितल्यासारखें होतें.

मुलांनीं सहलींत खुशाल एन्जॉय करावें. त्यांच्या आनंदाला कोणत्याही भाषेचें दार बंद नसावें. मात्र जो शब्द लाभाबरोबर त्याची किंमतही सांगतो, तो आपल्या बोलण्यांतून नाहींसा होऊं देणें परवडणार नाहीं.