कमी वजनाचं बाळ ‘पेटीत’ : वाचणं कशाकशावर ठरतं?

कसबा बावडा (कोल्हापूर) : लाइन बाजारचं सेवा रुग्णालय, शहरातलं सीपीआर, डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय... नाजूक बाळ घेऊन गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडून येणाऱ्या नातेवाइकांना ही नावं पाठ असतात. बाळ आत नेलं की बाहेर पहिला प्रश्न एकच, ‘वजन किती भरलं?’

जन्मतः अडीच किलोच्या आत भरलेलं बाळ कमी वजनाचं. दीड किलोच्या आत ते फार कमी आणि एक किलोच्या आत अत्यंत कमी धरतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशात वजन झालेल्या बाळांपैकी सुमारे 18 टक्के बाळं अडीच किलोखाली होती.

पण डॉक्टर वजनाच्या आधी आठवडे विचारतात. दिवस भरून जन्मलेलं दोन किलोचं बाळ आणि 31 व्या आठवड्यात जन्मलेलं दीड किलोचं बाळ, दोन्ही कमी वजनाचीच. पण दुसऱ्याची फुप्फुसंच तयार झालेली नसतात. फुप्फुसातले बारीक फुगे उघडे ठेवणारा द्रव, म्हणजे सर्फॅक्टंट, कमी असतो. म्हणून श्वास भरभर होतो, छाती आत ओढली जाते. अशा बाळाला सीपॅप यंत्राने नाकातून दाबाने हवा देतात, गरज पडली तर सर्फॅक्टंटचं औषध थेट श्वासनलिकेत सोडतात.

गावाकडं अजून एक बोलणं ऐकू येतं : ‘सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही.’ हे साफ चुकीचं आहे. पोटात जितके आठवडे जास्त, तितकी जगण्याची शक्यता जास्त. आठव्या महिन्याचं बाळ ‘तसंही राहणार नाही’ म्हणून घरी ठेवणं म्हणजे वाचणारं बाळ घालवणं.

उपचार खरं तर जन्माआधीच सुरू होतात. 24 ते 34 आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी. त्याने पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. पहिलं इंजेक्शन उपकेंद्रातली सिस्टरही देऊन पुढं पाठवू शकते, तशी केंद्र सरकारची सूचना आहे. म्हणून कळा लवकर आल्या तर ‘बघू सकाळी’ म्हणू नये. त्यातही चंदगडसारख्या, शंभर किलोमीटरच्या पुढच्या तालुक्यातून जन्मलेलं बाळ हलवण्यापेक्षा आईलाच आधी हलवणं केव्हाही बरं. वाटेत गार पडून, साखर उतरून आलेल्या बाळाची झुंज दाखल होण्याआधीच अवघड झालेली असते.

गारठा हा मोठा शत्रू. अंगावर चरबी नसते, त्यामुळं बाळ मिनिटांत थंड पडतं. जन्मल्यावर लगेच आंघोळ नको, शेगडीची धुरी नको. डायपर आणि टोपी एवढ्यावर बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून पांघरूण, हीच कांगारू पद्धत. पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1 ते 1.8 किलोची बाळं होती. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही त्यात होतं. प्रकृती स्थिर होण्याची वाट न बघता लगेच कांगारू सुरू केलेल्या गटात 28 दिवसांत 100 पैकी 12 बाळं दगावली, नेहमीच्या पद्धतीत सुमारे 16. आई आजारी असेल तर वडील, आजी, मावशी कुणीही छातीशी घेऊ शकतं. बापमाणसांनी लाजायचं कारण नाही.

यानंतर जंतुसंसर्ग. कक्षात नातेवाइकांना सोडत नाहीत याचा राग येतो, पण न धुतलेला एक हातही या बाळांना पुरतो. दूध आईचंच; चोखता येत नसेल तर काढून नळीने देतात. वरचं दूध, मध, गुटी यांनी कच्च्या आतड्याला सूज येऊन बाळ दगावू शकतं. आईला दूध येत नसेल तर दूधपेढी असते. आशियातली पहिली पेढी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली.

खर्चाच्या धास्तीने मध्येच घरी नेणं हेही एक कारण. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. देशभरच्या सरकारी कक्षांत मुलींची भरती मुलांपेक्षा कमी दिसते. जन्मतः मुलगे जरा जास्त नाजूक असतात हे खरं, पण सगळा फरक त्यातून निघत नाही.

घरी सोडल्यावर आशाताई भेटीला येतात. त्यांना वजन करू द्यावं. बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, तळवे गार लागले, श्वास लागला तर थेट 108. आणि दोन किलोच्या आतल्या किंवा 34 आठवड्यांआधीच्या बाळाचा डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासून घ्यायचाच. डोळे वरून चांगले दिसतात, पण पडद्याचा आजार आत वाढत असतो आणि उशीर झाला तर नजर परत येत नाही. सुट्टीच्या कागदावर ही तारीख लिहिलेली नसेल, तर निघण्याआधी मागून घ्यावी.