ताईंची खिचडी

गुरुग्राममधल्या आमच्या शेजारणीला सगळी गल्ली ताई म्हणते, म्हणून मीही म्हणू लागले. पुढे कळलं, की हरियाणात ताई म्हणजे थोरली काकू, ताऊंची बायको. मी त्यांना इतके दिवस बहिणीच्या नात्याने हाक मारत होते! खिचडीच्या बाबतीतही आमचं असंच झालं. पौषातल्या थंडीत मला ताप येऊन गेला. ताई दारातूनच म्हणाल्या, "खिचड़ी भेजूँ सूँ." माझ्या डोळ्यांपुढे आईच्या हातची आटवल आली: तांदूळ, मुगाची डाळ, मीठ आणि वर तुपाची धार. डब्यातून आली ती बाजरीची खिचडी, करड्या रंगाची, दाट, मधोमध तुपाचं तळं आणि कडेला बूरा, म्हणजे इकडची भुरभुरीत साखर.

ती कशी करतात ते मी नंतर त्यांच्या अंगणात बसून पाहिलं. बाजरीवर पाण्याचा हबका मारून ती थोडा वेळ मुरू द्यायची. मग उखळात कांडायची, पण पीठ होता कामा नये. कोंडा सुटला की सुपात पाखडून तो उडवायचा आणि परत कांडायची. मग उकळत्या पाण्यात मुगाच्या डाळीबरोबर वैरायची आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. डाव उभा राहायला लागला की झाली. रात्री ती तुपाबरोबर गरम खायची. उरलेली सकाळी दुधात कालवली, की तिची चव आणखी खुलते.

दिल्लीच्या परिसरातल्या खिचडीचा लेखी दाखला मोरोक्कोच्या इब्न बतूताकडे मिळतो. तो 1334 मध्ये दिल्लीत आला आणि मुहम्मद तुघलकाने त्याला काझी नेमलं. मूग तांदळाबरोबर शिजवून तूप घालून खातात, त्याला 'किशरी' म्हणतात, आणि रोज सकाळची न्याहारी हीच, असं तो सांगतो. पुढे तो म्हणतो, की आमच्याकडे जसा हरीरा, तशी यांच्याकडे ही. घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला ते पान पाहून स्वतःच्या घरची वाटी आठवली, हे मला त्याच्या सगळ्या प्रवासवर्णनात फार जवळचं वाटतं.

शब्दाचं मूळ संस्कृतातल्या 'कृसर'मध्ये शोधतात. कृसर म्हणजे तीळ घालून शिजवलेला भात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कृसर हे देवाला न दाखवता, नुसतं स्वतःसाठी शिजवू नये अशा पदार्थांत येतं. दिल्लीतली पूर्वांचली माणसं मकरसंक्रांतीला 'खिचड़ी' असंच म्हणतात आणि त्या दिवशी तांदूळ, उडीद व तीळ दान देतात. तीळ आणि तांदूळ इथे पुन्हा शेजारी आलेले दिसतात, आणि मला तरी हा योगायोग वाटत नाही.

अकबराच्या मुदपाकखान्यात खिचडी थाटाची झाली. 'आईन-ए-अकबरी'त तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी 5 शेर, असं प्रमाण दिलंय. हे आजाऱ्याचं अन्न नव्हे. जहांगीर मात्र ताईंच्या पंगतीला शोभला असता. 1618 मध्ये गुजरातेत असताना त्याने बाजरीची खिचडी पहिल्यांदा खाल्ली. तिला तिथे 'लजीजा' म्हणत. ती त्याला मानवली, आणि मांस वर्ज्य असलेल्या दिवशी ती वरचेवर वाढावी असा त्याने हुकूम दिला. आपल्या जुन्नरलाही खिचडीची नोंद आहे, पण घोड्यांच्या तोबऱ्यातली. पंधराव्या शतकात तिथे पावसाळा काढलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन साखर आणि तेल घालून उकडलेली खिचडी घोड्यांना देतात असं लिहून गेला.

नावं बदलतात तशी भांड्यातली वस्तूही बदलते. तमिळांचं पोंगल आणि कानडी हुग्गी या मूग-तांदळाच्याच बहिणी. बंगाली खिचुडी पावसाची वाट पाहते. विदर्भ-खानदेशात तुरीची डाळ पडते. उपासाला साबुदाणा आला तरी नाव खिचडीच राहिलं. उलट आटवल, गुरगुट्या भात, आसट भात ही कोकण-देशावरची घरगुती नावं. खिचडी शब्द न उच्चारता तोच मऊपणा ताटात येतो. 4 नोव्हेंबर 2017 रोजी दिल्लीच्या इंडिया गेटपाशी 918 किलोंची खिचडी शिजवून विक्रम झाला, तेव्हा एकाच कढईत तांदूळ, मूग, बाजरी, ज्वारी, नाचणी सगळं पडलं होतं. माझ्या मनात मात्र ताईंचं उखळ आणि आईचं पातेलं ही दोन्ही वेगळीच राहतात.

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत इकडे आहे तशी आपल्याकडेही. संक्रांत दोन दिवसांवर होती. मी त्यात तिळाच्या वड्या भरल्या आणि ताईंच्या दाराशी गेले.