मँचेस्टरच्या अंधारातला अणू

धनभाराच्या गोळ्यात रुतलेले इलेक्ट्रॉन, असे थॉमसन यांचे अणूचे चित्र 1909 साली प्रचलित होते. तेव्हा मँचेस्टर विद्यापीठात गायगर आणि जेमतेम विशीतला विद्यार्थी मार्सडेन अंधाराला डोळे सरावले की पडद्यावर धनभारित अल्फा कण आदळून चमकणारे ठिपके सूक्ष्मदर्शकातून मोजत बसत. काम कंटाळवाणे, डोळे शिणवणारे. धातूच्या पत्र्यावर आदळणाऱ्या सुमारे 8000 अल्फा कणांमागे एखादा चक्क उलट फिरे. त्यांचे प्रमुख रदरफोर्ड यांनी 1911 मध्ये त्याचा अर्थ लावला: अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात असते, बाकी बव्हंशी पोकळी. 1919 मध्ये केंद्रकातला प्रोटॉन उमगला. केंद्रकातल्याच न्यूट्रॉनला विद्युतभारच नसल्याने तो मात्र 1932 मध्ये, केंब्रिजला चॅडविक यांच्या हाती लागला.