खोडव्याचे पाचट : पेटवायचे की सरीत ठेवायचे?

कराड, वाळवा, पलूस भागात टोळी फडातून हलली की दोन-चार दिवसांत धूर दिसतो. पाचट पेटवले की रान मोकळे, हा आपला जुना हिशोब. पण त्या धुरातून काय जाते ते बघू.

एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघते. त्यात १६ ते २० किलो नत्र असते, म्हणजे युरियाच्या जवळपास एका पोत्याएवढे. शिवाय हजार किलोच्या वर सेंद्रिय कर्ब. जाळल्यावर पालाश थोडेफार राखेत राहते. नत्र आणि कर्ब हवेत जातो. मग तेच नत्र आपण दुकानातून आणतो, आणि तो युरिया बनवायला पुन्हा नैसर्गिक वायू लागतो.

दुसरा हिशोब पाण्याचा. पाचटाखाली ओल टिकते, तण कमी येते, पाण्याच्या पाळ्या लांबतात. ताकारी, टेंभू, म्हैसाळचे पाणी तर विजेनेच वर चढते. एक पाळी वाचली की तेवढी वीजही वाचली.

फलटण तालुक्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करते. खोडव्यासाठीची शिफारस थोडक्यात अशी :

१) बुडख्यावरचे पाचट ओढून सरीत दाबा. बुडखे उघडे राहिले तर फुटवा चांगला येतो.

२) उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा.

३) पाचटावर एकरी ३२ किलो युरिया व ४० किलो सुपर फॉस्फेट टाका. ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणखतात मिसळून पसरा, मग पाणी द्या.

४) बगला फोडायच्या नाहीत. खत वाफशावर पहारीने भोक पाडून द्या : पहिला हप्ता १५ दिवसांच्या आत, दुसरा १३५ दिवसांनी विरुद्ध बाजूला.

अडचणी आहेतच. पहिले पाणी सरीत हळू सरकते, मजुरीही लागते. सरी अरुंद असेल तर एका सरीआड पाचट ठेवा. कुट्टी यंत्राच्या अनुदानाची चौकशी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे करा.

पहिल्यांदाच करणार असाल तर एक एकरच करून बघा. आणि शेजारच्या बांधकऱ्याला आधी सांगून ठेवा. त्याने त्याचे पाचट पेटवले तर आपले पसरलेले पाचट आणि ठिबकच्या नळ्या जायला एक ठिणगी पुरते.