शिष्यवृत्तीची बातमी कोण सांगणार?

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे केळुसकर गुरुजींनी त्यांची बाजू सयाजीराव महाराजांपुढे मांडली. १९१३ ला त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियात पोचले. सवर्ण घरात अशी माहिती जेवताना कानावर पडते; आपल्याकडे ती कुणीतरी आणून द्यावी लागली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, तरी वस्तीतली कित्येक मुले तारीख उलटल्यावर आमच्याकडे येतात.

आता ती करिअरचे प्रश्न चॅटजीपीटीला विचारतात. मोबाईलपुढे लाज वाटत नाही, हे चांगलेच. पण तो बऱ्याचदा विचारले तेवढ्याचेच उत्तर देतो. जिने ‘स्वाधार’ हा शब्दच ऐकला नाही, ती विचारणार काय? शिवाय उत्पन्नमर्यादा कधीकधी चुकीची सांगतो, तीही छातीठोकपणे. म्हणून आम्ही मुलांना शासन निर्णय शेजारी ठेवून प्रत्येक उत्तर तपासायला बसवतो.