एम. ए. (इंग्रजी) : एका पदवीचा इतिहास व तिचे ऋण

आपल्या मंडळाच्या प्रत्येक स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली छापली जाते आणि वार्षिक संमेलनात ती वाचूनही दाखविली जाते. वैद्यक व अभियांत्रिकी ह्या शाखांतील नावे उच्चारली जाताच टाळ्यांचा कडकडाट होतो. मग एखादे नाव असे येते की, ज्यापुढे 'एम. ए. (इंग्रजी)' एवढीच अक्षरे असतात. टाळ्या तेव्हाही पडतात. परंतु त्या सौजन्याच्या असतात. मागे एकदा तालुक्याच्या गावची एक मुलगी ह्याच अभ्यासक्रमासाठी साहाय्य मागावयास शिष्यवृत्ती-समितीपुढे आली होती. समितीतील एका वयोवृद्ध गृहस्थांनी तिला ममतेनेच विचारले, "हे सर्व ठीक आहे, बाळ, पण पुढे काय?" मुलगी खाली मान घालून उभी राहिली. तिचा अर्ज पुढील बैठकीवर ढकलण्यात आला. त्या बैठकीस प्रस्तुत लेखकही हजर होता आणि तोही गप्प बसला, ह्याची त्यास आजवर खंत वाटत आली आहे. 'पुढे काय' ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे 'मागे काय घडले' ह्यात सापडते. ते ज्ञातिबांधवांपुढे मांडण्याचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

इंग्रजी साहित्य हा विद्यापीठातील विषय इंग्लंडात तयार झाला आणि मग जहाजातून आपल्याकडे आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८२८ साली ह्या विषयाचा प्राध्यापक नेमला गेला होता. परंतु ऑक्सफर्ड व केंब्रिज ह्या जुन्या विद्यापीठांत विद्वत्ता म्हणजे प्रामुख्याने ग्रीक, लॅटिन आणि गणित. स्वभाषेतील काव्ये-नाटके सभ्य गृहस्थाने फावल्या वेळी वाचावीत, त्यांची परीक्षा ती कसली घ्यावयाची, असा तेथील अनेक धुरीणांचा भाव होता. ऑक्सफर्ड येथे इंग्रजीचा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम १८९४ मध्ये स्थापन झाला, तर केंब्रिज येथे १९१७ मध्ये. उलटपक्षी मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले आणि त्याचे पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. तात्पर्य, ऑक्सफर्डमध्ये ह्या विषयाची स्वतंत्र पदवी निघण्याच्या कितीतरी आधी आपल्या मुलखातील तरुण शेक्सपिअर व मिल्टन ह्यांवर उत्तरपत्रिका लिहीत होते.

असे का घडले? राज्यकर्त्यांचा हेतू केवळ विद्यादानाचा होता असे म्हणणे भोळेपणाचे होईल. २ फेब्रुवारी १८३५ च्या आपल्या टिपणात मेकॉले ह्यांनी राज्यकर्ते व प्रजा ह्यांच्यामध्ये दुभाष्यांचे काम करील असा एक वर्ग निर्माण करण्याचा मनोदय उघडपणे सांगितला आहे. शिवाय सरकारी शाळांतून ख्रिस्ती धर्म शिकविणे राजकीय दृष्ट्या धोक्याचे होते. तेव्हा नीतीचे वळण साहित्याच्या द्वारे लावावे असाही विचार त्यामागे होता, हे अलीकडील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मुंबई इलाख्यात ह्या प्रश्नावर मोठा वाद माजला. १८४० नंतरच्या दशकात शिक्षण-मंडळात सर अर्स्किन पेरी हे इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरीत होते, तर कर्नल जर्व्हिस व आपले जगन्नाथ शंकरशेट हे देशी भाषांची बाजू मांडीत होते. उच्च शिक्षणापुरता विजय इंग्रजीचा झाला.

परंतु बी पेरणाऱ्याच्या मनातले पीकच शेतात उगवते असे नाही. दुभाषे निर्माण झाले खरे, पण त्यांतील उत्तम दुभाष्यांनी आपले काम उलट्या दिशेने केले. राज्यकर्त्यांचे म्हणणे प्रजेस सांगण्याऐवजी त्यांनी परकीय भाषेतील विद्याधन आपल्या भाषेत आणले. एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी विद्यापीठाच्या जन्माआधीच, ६ जानेवारी १८३२ रोजी, 'दर्पण' पत्र काढले होते. त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. १८६७ मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 'ऑथेल्लो' मराठीत आणले. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने मराठी गद्यास नवी ऐट दिली, आणि त्या गद्यामागे इंग्रजी निबंधकारांचा दांडगा व्यासंग होता. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकविणाऱ्या वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'त्राटिका' लिहिले आणि ती मराठी रंगभूमीवर गाजली.

आगरकरांचे नाव निघाले म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. आपला मुलगा एम. ए. होणार, आता मोठ्या पगाराची जागा मिळेल आणि दैन्य फिटेल, असे त्यांच्या मातोश्रींना वाटणे स्वाभाविक होते. त्या वेळी त्यांनी आईस लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. विशेष संपत्तीची हाव न धरता, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सर्व वेळ परहितार्थ खर्च करण्याचा निश्चय त्यांनी त्यात कळविला होता. पदवीचा विषय कोणताही असो, 'पुढे काय' ह्या प्रश्नास महाराष्ट्रात दिले गेलेले ते सर्वांत करारी उत्तर होय.

तथापि ह्या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. विद्येचे हे दार फार अरुंद होते. सावित्रीबाई फुले ह्यांच्या १८५४ च्या 'काव्यफुले' ह्या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा कळकळीचा उपदेश आहे. परंतु १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले ह्यांना सांगावे लागले की, सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांची मुले प्राथमिक शाळेलाही मुकतात. आपल्यांपैकी ज्या कुटुंबांत आज तिसरी-चौथी पिढी पदवीधर आहे त्यांनी, आणि ज्यांच्या घरी पहिलाच पदवीधर झाला आहे त्यांनीही, हे निवेदन स्मरणात ठेवावे.

दार रुंद होत गेले ते विसाव्या शतकात. कुसुमावती देशपांडे ह्यांनी लंडनला जाऊन इंग्रजी साहित्याचे अध्ययन केले, नागपुरास त्याचे अध्यापन केले आणि 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा समीक्षाग्रंथ मराठीस दिला. १९६१ मध्ये ग्वाल्हेर येथे त्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेस काढलेल्या महाविद्यालयात, म्हणजेच पुढील मिलिंद महाविद्यालयात, इंग्रजीचे अध्यापन करणारे म. ना. वानखेडे अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून परतले. तेथील कृष्णवर्णीय लेखकांच्या वाङ्मयाचा परिचय त्यांनी येथील दलित लेखकांना करून दिला, आणि एका नव्या साहित्यप्रवाहास त्यातून बळ मिळाले. पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८) व शिवाजी (१९६२) ही विद्यापीठे स्थापन झाल्यावर एम. ए. साठी मुंबई गाठण्याची सक्ती उरली नाही. शेतकऱ्याचा मुलगा एस. टी. ने जाऊन-येऊन चॉसर वाचू लागला.

ह्याच काळात इंग्रजीच्या प्राध्यापकांनी मराठीस काय दिले, ते पाहावे. विंदा करंदीकर उपजीविकेसाठी इंग्रजी शिकवीत. त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, गटेचा 'फाउस्ट' आणि शेक्सपिअरचा 'राजा लिअर' मराठीत आणले. आणि ज्ञानदेवांचा 'अमृतानुभव' अर्वाचीन मराठीत आणणारेही तेच. रा. भा. पाटणकर ह्यांची 'सौंदर्यमीमांसा' १९७४ मध्ये निघाली, तेव्हा सौंदर्यशास्त्राची अवघड चर्चा मराठीत किती नेमकेपणाने करता येते ह्याचा वस्तुपाठच मिळाला. भालचंद्र नेमाडे ह्यांनी अनेक वर्षे इंग्रजी शिकविले. त्यांच्या 'कोसला'ने (१९६३) मराठी कादंबरीची भाषाच पालटली. करंदीकर व नेमाडे हे दोघेही ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी. परक्या भाषेचा सखोल अभ्यास माणसास आपल्या भाषेपासून तोडतोच असे नाही. तो वरवरचा असेल तर तोडतो. खोल असेल तर दुप्पट वेगाने परत आणतो.

आता ह्या अभ्यासाचे स्वरूपही ध्यानात घेऊ. 'गोष्टी-कविता वाचण्यास दोन वर्षे कशाला?' असे पुष्कळांना वाटते. चौदाव्या शतकातील चॉसरपासून आजच्या लेखकापर्यंत भाषा कशी बदलली, एकच नाटक निरनिराळ्या काळांनी निरनिराळे कसे वाचले, समीक्षेची प्रमाणे कोणती, ह्याचा तो अभ्यास असतो. एखादे विधान पुराव्यानिशी मांडणे आणि दुसऱ्याच्या विधानातील फट ओळखणे ही त्यातील खरी तालीम. आज त्यात अमेरिकन, आफ्रिकी व भारतीय लेखकांनाही स्थान मिळाले आहे, आणि मराठी दलित आत्मकथने इंग्रजी अनुवादातून विद्यार्थ्यांपुढे येतात. १८३५ मध्ये ज्यांना केवळ शिकवावयाचे होते, त्यांच्याच वंशजांचे लेखन आता अभ्यासाचा विषय झाले आहे. चक्र असे पूर्ण फिरले आहे.

उपजीविकेचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकेकाळी ही पदवी मिळताच महाविद्यालयात जागा मिळे. ते दिवस गेले. १९८९ पासून राष्ट्रीय पातळीवरील पात्रता-परीक्षा सुरू झाली आहे, आणि ती उत्तीर्ण होऊनही वर्षानुवर्षे तासिका-तत्त्वावर काम करणारे तरुण आपल्या ओळखीत असतील. म्हणून विद्यार्थ्याने डोळे उघडे ठेवून ह्या मार्गास लागावे. अनुवाद, प्रकाशन, वृत्तपत्रे, स्पर्धा-परीक्षा ही क्षेत्रेही समोर ठेवावीत. पदवी विवाहाच्या टिपणात शोभा म्हणून लिहावयाची असेल, तर तिच्यावर दोन वर्षे न घालविलेली बरी. परंतु ज्यास ह्या विद्येची खरी ओढ आहे, त्यास केवळ टाळ्या कमी पडतात म्हणून परावृत्त करणे हा अन्याय होय.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या शिक्षण-निधीतून दरवर्षी निदान एक शिष्यवृत्ती भाषा व साहित्य ह्या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी आणि मुलींच्या अर्जांस त्यात अग्रक्रम द्यावा. तिच्या मोबदल्यात पैशाची परतफेड मागू नये. मागावी ती एकच गोष्ट. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने शिक्षणकाळात एक कथा, एक निबंध वा एक लहानसे नाटक इंग्रजीतून मराठीत आणावे आणि ते ह्याच स्मरणिकेत प्रसिद्ध व्हावे. जांभेकरांपासून करंदीकरांपर्यंत चालत आलेले ऋण फेडण्याची ह्याहून सोपी रीत दिसत नाही.

ती मुलगी पुन्हा समितीपुढे आली नाही. तिने अन्य कोठून साहाय्य मिळविले की शिक्षणच सोडले, हे आपणांपैकी कोणी विचारले नाही. पुढील वर्षी तिच्यासारखी दुसरी कोणी येईल. तेव्हा 'पुढे काय' हा प्रश्न तिला अवश्य विचारावा. पण उत्तर ऐकण्यास तिच्यापुढे खुर्चीही ठेवावी.