तटाआडचे क्रीडांगण

1926 साली भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी रियासतीचा कारभार आपले पुत्र हमीदुल्ला खान यांच्या स्वाधीन केला, आणि 1819 मध्ये कुदसिया बेगमेपासून सुरू झालेला, मधली काही वर्षे वगळता चार पिढ्या चाललेला, स्त्रियांचा अंमल तेथे समाप्त झाला. या राज्यकर्त्या स्त्रियांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा मशिदी, महाल आणि इंग्रजांशी झालेले करारमदार यांपुरते असते; त्या कोणते खेळ खेळत, आणि त्यांच्या खेळाचा लाभ त्यांच्या रयतेतील मुलींना किती झाला, हा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो.

सिकंदर बेगम पडदा झुगारून घोड्यावर बसत आणि शिकारीस जात. त्यांची नात सुलतान जहाँ आयुष्याचा बहुतेक काळ बुरख्यात वावरली, तथापि दरबारी घराण्यांतील स्त्रियांसाठी तिने स्थापन केलेल्या क्लबात, उंच भिंतींच्या आड, व्याख्याने आणि हस्तकौशल्य यांच्या जोडीने करमणुकीच्या खेळांनाही स्थान होते. या बेगमेने स्वतःच्या देखरेखीखाली वाढविलेली नात आबिदा सुलतान ही तर खेळांतच वाढली. कुराणाच्या कठोर पाठांतराइतकीच घोडेस्वारी आणि नेमबाजी तिच्या शिक्षणात अपरिहार्य होती. पुढे हॉकी, पोलो आणि स्क्वॉश यांत ती रमली, विमान चालविण्याचा परवानाही तिने मिळविला, आणि ज्या 1949 साली भोपाळचा कारभार भारत सरकारने हाती घेतला त्याच साली अखिल भारतीय महिला स्क्वॉशचे विजेतेपद तिने पटकाविले. पुढच्याच वर्षी ती पाकिस्तानात निघून गेली. तिच्या जाण्याने रियासतीने आपली थोरली वारस गमावली याची हळहळ पुष्कळांनी केली. माझ्या मते त्याहून मोठी हानी ही, की खेळणारी म्हणून तिच्यामागे या शहरात दुसरी कोणी उभी नव्हती.

कारण शहराचे मैदान पुरुषांचे होते. सुलतान जहाँ बेगमेच्या दिवंगत पुत्राच्या नावाने 1931 साली सुरू झालेली औबेदुल्ला खान सुवर्णचषक स्पर्धा, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या भारतीय संघात गेलेले अहसान मोहम्मद खान आणि अहमद शेर खान, भोपाळ वाँडरर्स संघ, या सर्वांमुळे हॉकी गल्लीगल्लीत शिरली. परंतु ती मुलांच्या हाती राहिली. स्त्रियांच्या खेळाला मिळाला तो राजाश्रय, आणि राजाश्रय राजवाड्याच्या दरवाजाशी थांबला.

अशाच छपराखाली जन्मलेल्या एका खेळाचा इतिहास येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. 1887 साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने तो टोलविला. बंदिस्त जागेतील बेसबॉल म्हणून निघालेला हा खेळ पुढे सॉफ्टबॉल म्हणून उघड्यावर आला, आणि लहान आवारात मावणारा असल्यामुळे मुलींच्या शाळांत झपाट्याने रुजला. 1965 साली मेलबर्न येथे महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, 1990 च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेत त्याला प्रवेश मिळाला, 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये. आणि 2005 साली सिंगापूरच्या बैठकीत झालेल्या मतदानाने 2012 पासून तो ऑलिंपिकबाहेर गेला. ज्या खेळाचे भवितव्य दूरच्या सभागृहातील मतमोजणीवर ठरते, त्याचा आश्रयही बेगमेच्या मर्जीइतकाच अनिश्चित. परंतु जपानच्या स्त्रिया 2008 मध्ये अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवून सुवर्णपदक घेऊन गेल्या होत्या, आणि तेरा वर्षांच्या वनवासानंतर, 2021 मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवून ते त्यांनी पुन्हा मिळविले. ऑलिंपिकची दारे बंद असताना त्यांच्या शाळांची आणि कारखान्यांच्या संघांची मैदाने उघडी होती, म्हणूनच हे शक्य झाले.

भोपाळला तशी उघडी जागा मिळण्यास 1956 उजाडावे लागले. नव्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूरहून येथे आली, तिच्याबरोबर दफ्तरे आली, आणि दफ्तरांबरोबर नागपूरकडची असंख्य मराठी कारकुनी कुटुंबेही. येवल्यात जन्मलेल्या तात्या टोपे यांच्या नावाच्या वसाहतीत पुढे क्रीडांगण उभे राहिले. देशातही वारे फिरत होते. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी प्रथमच आली, तेव्हा भारतीय स्त्रिया चौथ्या आल्या. 1982 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पुण्याच्या एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

आणि भोपाळच्या वाट्याला जे यश आले ते पाण्यावरून आले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली शिडाच्या नौकांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविणारी नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी, राष्ट्रीय नौकानयन शाळेत, म्हणजे भोपाळच्या मोठ्या तलावावर तयार झाली. त्याच वर्षी हांगझोऊच्याच दिव्यांगांच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांनीही भोपाळच्याच तलावावर वल्हे मारून सराव केला. कोणत्याही महालाशी नाते नसलेल्या या दोघींनी जे मिळविले, ते आबिदा सुलतान हिला मिळविता आले नाही, कारण तिच्या काळी तिच्या शहराने स्त्रीला तशी वाटच ठेवली नव्हती.

चेंडूफळीच्या खेळांत मात्र मुलींसाठी राखीव अशी सायंकाळची जागा या शहरात अद्याप अपुरी आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा येत आहे. नागपूरहून आलेल्या त्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आज भोपाळात नांदते आहे. त्यांनी आपल्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊन महापालिकेकडे मुलींसाठी मैदानाची मागणी करावी आणि ती मान्य होईपर्यंत सोडू नये.